बर्फावर बांधलेला रुमाल

हिमनदीवर फोटो काढून घेताना मी तोंडाला रुमाल बांधला होता.

खरं तर बर्फाची मला हौस नव्हती. धुळ्याच्या साडूने स्वित्झर्लंडच्या बर्फातला, हेलिकॉप्टरसमोरचा स्वतःचा फोटो दिवाणखान्यात टांगला होता, आणि त्याखाली बसून चहा पिताना माझा प्रत्येक घोट कडू व्हायचा. म्हणून मीही स्वित्झर्लंड गाठलं, हेलिकॉप्टरने बर्फावर उतरलो. ऊन डोळ्यांवर आलं आणि भुसावळच्या सवयीने हात आपोआप चालले. डोक्यापासून हनुवटीपर्यंत बागायतदार रुमाल, आमच्याकडे उन्हात गुंडाळतात तो मोठा पांढरा, आणि वर काळा गॉगल. फोटो काढणाऱ्या बायकोलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

साडूच्या फोटोपेक्षा दुप्पट मोठी फ्रेम करून त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. तो फ्रेमजवळ जाऊन निरखून बघू लागला. मी त्याच्या जळण्याची वाट पाहत होतो.

"भाऊ, रुमाल झकास शे," तो म्हणाला, "पण त्यामा कोन शे?"