साडेपाचची बोट

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर नवरा रस्त्यात हात धरायला लागला तर बायकोला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

माझ्या संशयी स्वभावाला माझं कामही थोडं जबाबदार आहे. नोएडातल्या एका आरोग्य विमा कंपनीत मी लोकांचे क्लेम तपासते. हॉस्पिटलचे कागद, तारखा, औषधांच्या चिठ्ठ्या समोर घेऊन बसायचं आणि कोण खोटं बोलतंय ते शोधायचं. सगळ्यात जास्त सापडतात ते जुना आजार लपवून पॉलिसी घेणारे. त्यांचा क्लेम फेटाळायचा, फाइल बंद. तेरा वर्षं हेच करतेय. फोनवर माणूस पारखायची माझी एक युक्तीही आहे. न घडलेली एखादी बारीक गोष्ट बोलता बोलता मध्येच टाकायची. "उस दिन आपको व्हीलचेअर पे अंदर ले गए थे ना?" खरा माणूस म्हणतो, नहीं जी, मैं तो चल के गया था. खोटा म्हणतो, हां हां, व्हीलचेअर पे ही. हे किस्से मी घरी जेवताना अगदी नकला करून सांगायचे आणि नवरा हसायचा. गेल्या वर्षभरात तो हसेनासा झाला होता. तेही मी मनात टिपून ठेवलं होतं.

टिपण्यासारखं बरंच होतं. नऊ वर्षं हा माणूस नोएडाहून गुरुग्रामला गाडी चालवत गेला. ट्रॅफिकला शिव्या घालत गेला, पण गाडी सोडली नाही. आणि एक दिवस किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "मेट्रोच बरी यार." मग चारलाच ऑफिसातून निघायला लागला, उरलेलं काम घरी येऊन. थंडीत तर ऑफिसातून आला की घराबाहेर पडणंच बंद. संध्याकाळच्या पार्ट्या नकोत, लग्नाची रिसेप्शन्स नकोत. सरोजिनी नगरला मला कपड्यांच्या ढिगात सोडून स्वतः मोमो खात उभं राहणं हा त्याचा आवडता उद्योग, पण आता तिथेही "सकाळी जाऊया ना." सरोजिनीला सकाळी कोण जातं?

शिवाय फोन. बाल्कनीचं दार ओढून घेऊन बोलायचं. एकदा मी काचेला कान लावला तर ऐकू आलं, "हां मॅडम, गुरुवार को पक्का." कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, ऑफिसचं आहे. त्या गुरुवारी त्याच्या ऑफिसमधल्या मित्राचा मला फोन आला. हा आज सुट्टीवर आहे, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, बरी आहे. संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला घरी आला, डबा धुवून ओट्यावर ठेवला आणि ऑफिसात आज किती काम होतं ते सांगत बसला. मी ताकास तूर लागू दिली नाही.

आणि याच काळात हे हात धरणं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, मॉलच्या सरकत्या जिन्यावर, कोपराच्या वर घट्ट पकड. शेजारच्या आंटी लिफ्टमध्ये म्हणाल्या, "क्या बात है, नयी नयी शादी हुई है क्या?" मी हसले. मनात म्हटलं, आंटी, मन खातंय त्याला. बाहेर काहीतरी चाललंय आणि इकडे प्रेम उतू जातंय.

म्हणून होळीच्या आधी त्याने अंदमानचं काढलं तेव्हा माझी खात्रीच पटली. सुट्टी म्हणजे दुपारपर्यंत लोळणं असं मानणारा माणूस बेचाळिसाव्या वर्षी म्हणतो, पाठीवर सॅक टाकू आणि फिरू. हॉटेल नको, पॅकेज नको, मिळेल तिथे राहायचं, मिळेल त्या बोटीत चढायचं. "जे बघायचंय ते बघून घेऊया," असं तो दोनदा म्हणाला.

"घेऊया म्हणजे? कुठे पळून चाललंय का ते?" मी विचारलं.

"तसं नाही गं," म्हणाला आणि सॅकचे पट्टे ओढून बघत बसला. मी ठरवलं, जाऊया. तिथे ना बाल्कनी असेल ना गुरुवार. तिथेच सोक्षमोक्ष लावू.

पहिला मुक्काम पोर्ट ब्लेअर. सरकारी नाव आता बदललंय, पण रिक्षावाले जुनंच सांगतात. पहाटेचं विमान होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी दुपारी आम्ही जे झोपलो ते रात्री आठला उठलो. दुसऱ्या दिवशी त्याने मला पाचला हलवलं. बाहेर उजाडलेलं होतं. बंदर, मासळीबाजार, धक्क्याला लागलेली मोठी जहाजं, माल उतरवणाऱ्या क्रेन, सगळं तो अधाशासारखं बघत होता. गंजलेल्या साखळीवर बसलेला एक बगळा त्याने मला तीन वेळा दाखवला. मी बगळ्यापेक्षा त्याच्याकडे जास्त बघत होते.

बंदरासमोर एक छोटं बेट आहे, बोटीने वीस मिनिटं. तिथे चितळ मोकळे फिरतात, माणसांना घाबरत नाहीत, मोर आहेत. आम्हाला सकाळीच जायचं होतं, पण सकाळच्या बोटी भरलेल्या. तीनची मिळत होती. तो तिकिटाच्या खिडकीशी अडून बसला.

"वापसी की लास्ट बोट कितने बजे?"

"साढ़े पाँच."

"पक्का साढ़े पाँच? लेट तो नहीं होती?"

खिडकीतला माणूस वैतागला. नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "साडेसहापर्यंत आहे. तासभर हातात राहील." माझ्या मनात पाल चुकचुकली. साडेसहाला काय आहे? कुणाचा फोन?

बेट मात्र सुंदर होतं. पडक्या भिंतींना झाडांच्या मुळांनी घट्ट आवळलेलं आणि त्यामधून चितळांचा कळप शांतपणे चरत होता. एक मादी तर अगदी आमच्याजवळ आली. तो तिच्या समोर उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. अंगावरचे ठिपके, कानांचं हलणं, ओलं नाक. अकरा वर्षांत इतकं टक लावून त्याने मलासुद्धा बघितलं नव्हतं. मला हरणाचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

वर चढून मोर बघून आम्ही परत निघालो तर झाडांखाली अंधारून आलेलं. तो थबकला.

"किती वाजले?"

"पाच."

"पाच? ढग आलेत का?"

"ढग कुठले? इकडे सूर्य लवकर मावळतो. आपण पूर्वेला किती लांब आलोय, घड्याळ तेवढं दिल्लीचं." हे मला आदल्या रात्री, आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीने सांगितलं होतं. तेव्हा तो आंघोळीला गेला होता.

त्याने माझा दंड पकडला. इतका घट्ट की दुखलं. खाली पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली, बाकीची माणसं भराभर उतरून गेली आणि हा एकेक पाऊल टाकत माझ्या आडून चाललेला. वर्षभराचं सगळं माझ्या डोक्यात चढलं. मी हात हिसकून घेतला.

"बस झालं हे नाटक. कोण आहे ती?"

"कोण?"

"गुरुवारवाली मॅडम."

वाटेच्या कडेला, आमच्यापासून आठ-दहा पावलांवर, मोठ्या शिंगांचा एक नर एकटाच उभा होता. काळोख अजून पुरता पडला नव्हता, मला त्याची शिंगं स्वच्छ दिसत होती. का कोण जाणे, रागाच्या भरात मी माझी युक्ती काढली. मला त्याला कशात तरी रंगेहाथ पकडायचं होतं, कशातही.

"ते बघ," मी म्हटलं. "पिल्लू आईचं दूध पितंय."

"हो ना," तो म्हणाला. "किती गोड आहे."

आणि हसला. भलत्याच दिशेला, एका झुडपाकडे बघून.

क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं, ऑफिसात वाटतं तस्संच. सापडला! हा खोटं बोलतोय हे कळलं, पण कशाबद्दल? त्याने हात पुढे करून अंदाजाने एक पाऊल टाकलं, नर उधळला, आणि आवाजाने दचकून नवरा दगडाला अडखळून गुडघ्यावर पडला. तो उठला नाही. जमिनीवर हात फिरवून चष्मा शोधत राहिला. चष्मा त्याच्या समोरच पडला होता.

"तुला दिसत नाहीये," मी म्हटलं.

"अंधारात नाही दिसत."

पुन्हा शिट्टी झाली. मी चष्मा उचलून दिला, त्याचा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि पुढे झाले. इथे खड्डा. आता उतार. चार पायऱ्या, शेवटची उंच. धक्क्यावर नावाडी ओरडला, "साहब, हाथ दो!" आणि याने हात दिला तो भलतीकडे. मी तो धरून नावाड्याच्या हातात ठेवला. बोटीत आम्ही एकमेकांना चिकटून बसलो.

खोलीवर आल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने सगळं सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं जात जातं. समोरचं किती वर्षं टिकेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. औषध नाही. गुरुवारच्या मॅडम डोळ्यांच्या हॉस्पिटलात काठी घेऊन चालायला शिकवतात. आणि साडेसहा म्हणजे, दिल्लीच्या हिशेबाने, उजेड जायची वेळ.

मी त्याच्या गुडघ्याला मलम लावत होते. मला त्याला मिठी मारायची होती. पण तोंडातून निघालं ते असं, "कळलं कधी तुला?"

"गेल्या वर्षी, जानेवारीत."

"आणि होतं कधीपासून?"

हा प्रश्न मी रोज वीस माणसांना विचारते. आवाजही तोच लागला, माझा मलाच ऐकू आला.

"जन्मापासून असणार, असं म्हणाले ते. लहानपणी वाटायचं, अंधारात सगळ्यांना एवढंच दिसतं. मला खरंच माहीत नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस? वर्षभर मी काय काय समजत होते!"

त्याने खाली बघितलं. "तू रोज जेवताना सांगतेस ना. जुना आजार लपवला की क्लेम फेटाळायचा. मी पण मग जुनाच आजार घेऊन आलेलो. लग्नाच्या आधीचा."

त्याने सॅक ओढली, कपड्यांच्या तळातून एक निळी प्लास्टिकची फाइल काढली आणि माझ्यासमोर धरली. सुट्टीवर येतानाही त्याने ती बरोबर आणली होती.

"घे," म्हणाला. "तारखा बघून घे."

मी फाइल बाजूला सारली आणि त्याला जवळ घेतलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी ती उघडली. पहिल्या तपासणीची तारीख शोधली. हॉस्पिटलचा शिक्का बघितला, डॉक्टरची सही बघितली. मग सगळे कागद उलटेपालटे करून, लग्नाआधीची एखादी चिठ्ठी मध्ये आहे का तेही चाळलं. नव्हती. सगळे कागद गेल्या जानेवारीपासूनचेच होते. तो खरं बोलत होता.

एवढा वेळ तो पलंगाच्या कडेला, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, माझ्या तोंडाकडे बघत बसला होता.

"पास?" त्याने विचारलं.