कृष्णाजी मेस्त्रींचा उजवा कान

कृष्णाजी मेस्त्रींना उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. डावा कानही आता कुरकुर करू लागला होता. ही गोष्ट त्यांच्या बायकोला, तानूबाईंना, तेवढी ठाऊक होती. तीही त्यांनी सांगितली म्हणून नव्हे. शेजारी बसून ज्याला दूध उतू गेलेलं ऐकू येत नाही, त्याने वेगळं काय सांगायचं, असं त्या म्हणत.

बाहेर मात्र मेस्त्रींचं नाव कानावरच उभं होतं. निपाणी सोडून बेंगळुरूला येऊन त्यांना अडतीस वर्षं झाली. जयनगरच्या पलीकडे ट्रक उभे राहतात त्या मैदानात त्यांचं पत्र्याचं शेड. अण्णा बॉनेटवर हात ठेवतात, डोळे मिटतात आणि दोष सांगतात, अशी ड्रायव्हर लोकांत ख्याती. तो कानच गेला हे कळलं तर उद्यापासून कोण कशाला येईल? म्हणून मेस्त्री डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि अंदाजाने बोलायचे. अंदाज अडतीस वर्षांचा होता. बहुतेक वेळा बरोबर यायचा.

पवित्राच्या ट्रकपाशी तो चुकला.

पवित्रा खानापूरकडची. नर्सरीतली रोपं आणि माती व्हाइटफील्डच्या सोसायट्यांना पोचवायची, आणि ट्रक स्वतःच चालवायची. ट्रक जुना. रात्रभर उभा राहिला की सकाळी एका सेल्फमध्ये चालू व्हायचा, अर्धा मिनिट नीट चालायचा, मग मिसिंग मारायला लागायचा आणि गचके देत बंद पडायचा. इंजिनपाशी जाऊन हातपंप मारून डिझेल वर चढवलं की पुन्हा चालू. मग दिवसभर तक्रार नाही.

ही तक्रार घेऊन ती दोनदा मेस्त्रींकडे आली. दोन्ही वेळा ट्रक त्यांच्यासमोर शहाण्यासारखा चालला. मेस्त्रींनी डोळे मिटले आणि इंजिनात डिझेल फवारणारे नोझल खराब म्हणून सांगितलं. नोझल काढले, तपासून आणले, पुन्हा बसवले. ट्रक होता तसाच.

तिसऱ्या वेळी ती चालत आली. घराजवळच्या चढावर ट्रक बंद पडला होता आणि ब्रेक धरेपर्यंत हातभर मागे आला होता. मागे स्कूटरवर एक बाई होती. तिला काही झालं नाही. पण नोझलचं काम झालंय म्हणून आपण निर्धास्तपणे लगेच निघालो, असं पवित्रा पुन्हा पुन्हा सांगत होती.

पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते मेस्त्रींनी आता विचारलं. इथे आणण्याआधी तू काय करतेस?

पवित्राने सांगितलं. पंप मारायची, पंधरा मिनिटं चालू ठेवायची, चांगला तापला की मगच निघायची. अण्णांच्या दारात गाडी बंद पडली तर बरं दिसत नाही.

“म्हणजे आजारी पोराचं तोंड पुसून, केस विंचरून डॉक्टरकडं आणतेस,” मेस्त्री म्हणाले. “आणि वर विचारतेस, ह्याला झालंय काय.”

ती हसली. मेस्त्रींना हसू आलं नाही. तिचं चुकलं होतं ते तिने सांगून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी ट्रक शेडसमोर उभा राहिला. किल्ली मेस्त्रींनी खिशात ठेवली. सकाळी साडेसहाला पवित्रा आली तेव्हा बॉनेटवर दव होतं आणि लोखंड हाताला गार लागत होतं. मेस्त्रींनी डोळे मिटले नाहीत. टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या तोंडाशी त्यांनी वीतभर पारदर्शक नळी जोडली, हातपंप मारून ती भरून घेतली आणि पवित्राला सेल्फ मारायला सांगितलं.

इंजिन धडधडलं. नळीतून पिवळं डिझेल सरकत होतं. मग एक बुडबुडा आला. त्यामागे दोन. मग रांगच लागली. ट्रक अडखळला आणि बंद पडला.

“एअर घेतंय,” मेस्त्री म्हणाले. “रात्रभरात वारा आत शिरतो, डिझेल मागं टाकीत उतरतं.”

इथवर डोळ्यांचं काम होतं. आता टाकीपासून पंपापर्यंत पाच जोड होते, आणि वारा त्यांतल्या एकातून शिरत होता. पूर्वी ते एकेका जोडाला कान लावायचे. त्यांनी पवित्राला पंप मारायला सांगितलं, वाकून डावा कान लावला. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू आला.

पाचही जोड खोलून सगळे वायसर बदलले असते तरी काम झालं असतं. कुणाला काही कळलंही नसतं. मेस्त्रींचा हात पान्याकडे गेला होता.

“कळलं का, अण्णा?” पवित्राने विचारलं. ते काहीही म्हणाले असते तरी तिने खरं मानलं असतं.

त्यांनी पाना खाली ठेवला. “इकडं ये. पंप मी मारतो, तू कान लाव.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं नाही. नुसतं ऐकायचं. मला ऐकू येत नाही.”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि ती वाकली. पहिला जोड, दुसरा. तिसऱ्याला तिने हात वर केला. “स्वल्प आवाज येतोय. पोरं ग्लासातलं शेवटचं ताक नळीनं ओढतात बघा, तसा.”

मेस्त्रींनी तो जोड खोलला. तांब्याचा वायसर निघाला, तापवून काळपट झालेला. उन्हात धरल्यावर त्यावर केसाएवढी चीर दिसली. त्या मैदानात जुना वायसर लाल तापवून, पाण्यात बुडवून मऊ करून पुन्हा बसवणारे मेस्त्री एकटेच. नवा मिळायची मारामार होती त्या काळात निपाणीच्या आप्पाजी उस्तादांनी ते शिकवलं होतं. तापवण्याआधी वायसर फरशीवर टाकून बघायचा. धड असला तर खणकन वाजतो, चिरलेला बद्द बोलतो.

“हा मीच बसवला, मार्चमध्ये गाडी दुसऱ्या कामाला आली होती तेव्हा,” मेस्त्री म्हणाले. “फरशीवर टाकला होता. मला ना खण ऐकू आलं, ना बद्द. वाजला असेल म्हटलं आणि बसवला.”

“आणि नोझल?”

“ते नुसतं बोललो.”

पवित्रा उभी राहिली. “मागं ती स्कूटरवाली होती, अण्णा,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. मेस्त्रींनी मान खाली घातली.

त्यांनी नवा वायसर बसवला. हातपंप मारला, सेल्फ मारला. पाच मिनिटं झाली तरी नळीत बुडबुडा आला नाही. खरी परीक्षा उद्या सकाळी, गाडी गार असताना, असं ते म्हणाले. मग नळी काढून जोड पुन्हा आवळला. “सरी,” बरं, एवढंच म्हणून ती गाडी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पवित्राचा फोन तानूबाईंना आला. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, चढ चढून गेली. ऐकून तानूबाई मेस्त्रींच्या डाव्या बाजूला आल्या आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, “गिऱ्हाईक फोन मला करतंय. आता पाना पण मीच धरू काय?”

मेस्त्री शेडवर गेले. शंभूराज ड्रायव्हर ट्रक लावून वाट पाहत होता. आजूबाजूला आणखी तिघे-चौघे चहा पीत उभे होते. शंभूराज उजवीकडून काहीतरी सांगू लागला. मेस्त्रींनी सवयीने मान हलवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबवली.

“त्या बाजूनं नको,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तो कान गेलाय माझा. इकडनं सांग.”

चहा पिणारे वळून बघू लागले. शंभूराज क्षणभर घुटमळला. मग वळसा घालून डावीकडे आला आणि गाडीचं दुखणं पहिल्यापासून सांगू लागला.