एक्केचाळीस नंबरची बरणी

आमच्या पॅथॉलॉजी विभागाच्या संग्रहालयात पंजाबराव तायडे चोवीस वर्षं अटेंडंट होते. रोज मूर्तिजापूरहून गाडीने बडनेऱ्याला उतरायचे, तिथून ऑटोने अमरावतीला कॉलेजात यायचे आणि आल्या आल्या बाह्या सरसावून बरण्या पुसायला घ्यायचे. बरण्यांत लहान मुलांच्या आजारांचे नमुने होते. कुणाचं गाठ आलेलं मूत्रपिंड, कुणाचं निबर झालेलं यकृत. नमुने टिकवणारं झोंबरं फॉर्मॅलिन कमी झालं की ते भरायचे, त्यामुळे डोळे कायम लाल. मास्क लावा म्हटलं तर "लावतो" म्हणायचे आणि लावायचे नाहीत.

परीक्षेत ते आमचे तारणहार. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बरणीकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं, की पंजाबराव त्यांच्या पाठीमागे उभे राहून हळूच पोटाला नाहीतर कमरेला हात लावायचे. त्या खुणांवर आमच्यातले निम्मे डॉक्टर झाले, मीही त्यातलीच. फक्त एक्केचाळीस नंबरच्या बरणीला ते कधी खूण करायचे नाहीत, पाणी प्यायला निघून जायचे. त्या बरणीत एका तान्ह्या बाळाचं हृदय होतं, लिंबापेक्षाही लहान. माझ्या वाट्याला नेमकं तेच आलं. "हृदयाला भोक," मी ठोकून दिलं. चूक होतं ते. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागाच अदलाबदल झाली होती. महिनाभर मी पंजाबरावांशी फुगून होते.

पुढे मी त्याच विभागात शिकवायला लागले आणि गेल्या वर्षी संग्रहालयाचा कारभार माझ्या गळ्यात पडला. नवा हॉल, नवी कपाटं, सगळ्या नमुन्यांचे फोटो कॉम्प्युटरवर. जुन्यांपैकी साठ बरण्या निकाली काढायच्या होत्या. त्यांची यादी मी एका दुपारी घाईघाईत केली आणि पंजाबरावांच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मॅडम, येक्केचाळीस राहू द्या."

"तिच्या काचेला तडा गेलाय. आणि फोटो काढलाय ना आपण."

"मी रिटायर होयेपर्यंत तरी राहू द्या."

"पण कशाला?" मी वैतागून विचारलं. मला घरी जायचं होतं.

"माही पोरगी हाय ते," पंजाबराव म्हणाले.

मी खाली बसले. ते उभ्यानेच सांगत राहिले. बावीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली. जन्मली तीच निळसर, आणि एकोणीस दिवस जगली. काय झालंय ते कुणालाच सांगता येईना. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी शवविच्छेदन करू का म्हणून विचारलं. बायको भागीरथा वॉर्डात पडून होती. ती नाहीच म्हणाली असती, म्हणून तिला न विचारता पंजाबरावांनी सही केली. कारण सापडलं. मग सरांनी पोरांना शिकवायला हृदय मागितलं आणि त्यांनी तेही दिलं. बाकीचं बाळ मूर्तिजापूरला पुरलं.

"पोरगी सगळी मातीत गेली, कोनाचा हात लागू देला नाही, येवढंच समाधान हाय म्हनते थे," पंजाबराव म्हणाले. "आता तिले कोन्या तोंडानं सांगू?"

मला स्वतःची लाज वाटली. मी यादीतून एक्केचाळीस खोडलं, पण तीन महिन्यांत हे निवृत्त होणार, मग त्या बरणीकडे कोण बघणार होतं? रीतसर अर्ज द्या, हृदय घरी न्या आणि बाळाशेजारी पुरा, असं मी सुचवलं. "पण आधी ताईंना सांगा." सल्ला द्यायला माझं काय जात होतं! त्यांना तेवढं सांगायला दोन महिने लागले.

अर्ज मंजूर झाला त्या दिवशी भागीरथाताई सोबत आल्या. बारीक चणीची बाई, मांडीवर रिकामी पिशवी. मी कागदावर हृदय काढून सगळं समजावलं. हा धडा मी शेकडो मुलांना शिकवला होता, पण कुठल्या आईला शिकवायची ही पहिलीच वेळ.

"तिले दुखलं असंन का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मला खरं माहीत नव्हतं.

त्यांनी बरणी मांडीवर घेतली. लखलखीत होती, तरी पदराने पुसली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी रोज पुसत होते हे?"

"हो."

आता ही बाई त्या सहीवरून त्यांना सोलून काढणार, असं वाटून मी उठायला लागले. पण सहीचं त्यांनी नावही काढलं नाही.

"बावीस वर्षं तुमी रोज भेटत होते तिले," त्या म्हणाल्या. "मले येक दिवस तरी आनाचं होतं."

पंजाबरावांनी बरणी अलगद बायकोच्या पिशवीत ठेवली. संध्याकाळच्या गाडीने तिघं मूर्तिजापूरला गेली.