मीटरवरचे सत्त्याण्णव

जानेवारीतला दुसरा रविवार, किलोमीटरला दीडशे रुपये, बारा देणगीदारांचे मिळून. हे ठरलं तेव्हा सावेडीतल्या चष्म्याच्या दुकानात आम्ही तिघे होतो: दुकानाचा मालक आणि माझा मित्र युनूस, त्याची बायको नसीमभाभी आणि मी. नगर ते खर्डा, डोंगरातल्या कच्च्या वाटांनी शंभर किलोमीटरची सायकल शर्यत. जेवढे किलोमीटर होतील तेवढे पैसे खर्ड्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला. बावीस वर्षांनी आम्ही दोघे परत निघालो होतो. भाभी म्हणाल्या, "बावन्न वर्षांची पोरं. गुडघ्याला तेल मी लावणार नाही, आधीच सांगते." युनूस म्हणाला, "तेल चेनला लागतं. गुडघे तसेच चालतात."

युनूस मोजमापाचा माणूस. चष्म्याचा नंबर पाव इकडचा तिकडे वाटला तरी गिऱ्हाइकाला पुन्हा खुर्चीत बसवायचा. तिशीत पहिल्यांदा ही शर्यत केली तेव्हा त्याच्या हँडलला एक छोटं मीटर होतं, चाकाचे फेरे मोजून अंतर दाखवणारं. खर्ड्याच्या किल्ल्याखाली शेवटची रेघ ओलांडली तर मीटरवर चौऱ्याण्णव. संयोजक हसत म्हणाले, एका शेतातली वाट बंद होती, थोडं कापलं, कोण मोजतंय... "लोकांनी शंभराचे पैसे दिलेत," एवढंच बोलून युनूसने सायकल वळवली. इकडे जेवणाची पंगत बसलेली, आणि मी शिव्या घालत त्याच्या मागे. सहा किलोमीटर पुरे करून आलो तोवर पिठलं गार झालं होतं.

या वेळी सायकल नवी होती, मोठ्या चाकांची. मीटर मात्र तेच. मी म्हणालो, "आता हे तरी नवं घे." तर म्हणाला, "हे कधी खोटं बोललेलं नाही." दिवस चांगला गेला. चढावर तो पुढे जायचा आणि वर पोचला की माझी वाट बघत उभा राहायचा. दुपारी आम्ही किल्ल्याखालची रेघ ओलांडली. मीटरवर नव्वद. एकमेकांकडे बघून आम्ही हसलो, पुन्हा तेच. माझ्या पोटरीत गोळा आला होता, मी झाडाखाली बसलो. तो म्हणाला, "दहाच राहिलेत. तू ताक पी, आलोच." तो 'आलोच' अजून कुठल्याही रिकाम्या रस्त्यावर ऐकू येतो...

तासाभराने एक मोटरसायकलवाला मला शोधत आला. "तुमच्यासंगं आल्याले पाव्हणे... सायकल आडवी पडलीय. मानूस बोलत न्हाई." युनूस बांधाला टेकून बसलेला होता. हेल्मेट काढून त्याने नीट बाजूला ठेवलं होतं, रात्री चष्मा ठेवावा तसं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मीटरवर सत्त्याण्णव होते. सायकल टेम्पोत चढवताना आणि नंतर त्याच्या सोसायटीच्या फाटकापासून पार्किंगपर्यंत नेताना मी पुढचं चाक उचलून धरलं होतं. आकडा हलायला नको होता. वॉचमनने विचारलं, "पंक्चर हाय का साहेब?" मी हो म्हणालो.

भेटायला गेलो की भाभी एकच विचारायच्या, "तीन राहिले ना त्यांचे?" तो काम अर्धवट टाकून गेला, हे त्यांना लागलं होतं. मी साखर कारखान्यात हिशेब बघतो. मलाही ते तीन सुटेनात. संयोजकांनी या वेळी रस्ता दोनदा मोजला होता, पुरा शंभर. मग मीटरवर नव्वद का? एका दुपारी टेप घेऊन पार्किंगमध्ये बसलो. त्याची जुनी सायकल शेजारीच होती, तिची चाकं लहान. मीटरमध्ये माप त्या लहान चाकाचंच राहिलं होतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापत होतं आणि मीटर कमी धरत होतं. म्हणजे रेघ ओलांडली तेव्हाच त्याचे शंभर झाले होते. पडला तेव्हा पुरे एकशे सात, वर थोडं. त्या शेवटच्या रस्त्याला जायची त्याला गरजच नव्हती.

हे सांगितलं तर त्याचं पुरं झालं हे कळणार, आणि तो विनाकारण गेला हेही त्याच वाक्यात. नाही सांगितलं तर ते तीन किलोमीटर भाभींच्या मनात कायमचे. चाळिसावा झाल्यावर दुकान पुन्हा उघडलं, त्या दिवशी सांगितलं. भाभी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिल्या, मोठ्या ओळीपासून अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत...

"तुम्ही तिथंच सांगितलं असतं, तर थांबले असते?"

"नाही. मीटरचंच ऐकलं असतं."

"मग हे सात कोणाचे?"

भाभींनी गल्ला उघडला.

सायकल पार्किंगमध्येच आहे. पुढचं चाक जमिनीला लागू नये म्हणून हुकाला टांगलंय. वारा सुटला की ते कधी कधी आपोआप फिरायला लागतं. मी तिथं असलो तर हाताने थांबवतो.

वसतिगृहाला शंभर किलोमीटरचे पंधरा हजार पोचले, बारा जणांकडून. वरच्या सात किलोमीटरचे एक हजार पन्नास नसीमभाभींनी दिले. पावती त्यांनी युनूसच्या नावाने करायला सांगितली.