पारापाशी उतरलेली सून

चालत्या फटफटीवरून मी आपणहून उतरले, आणि चालवणाऱ्याला सांगितलंसुद्धा नाही. नातवंडं हसतात तेव्हा मी म्हणते, पडले असते तर निदान लोकांनी कीव केली असती. उतरलेल्या बाईची कीव कोण करणार? चालती म्हणजे काही वेगात नव्हती. म्हशीच्या चालीने चालली होती, कारण पुढे म्हशीच होत्या.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. आमचं गाव चिखलीच्या आत, आडबाजूला. मी मास्तरकीचं शिक्षण घेऊन त्या घरात सून म्हणून आले होते आणि त्याचा मला फार ताठा. भाकरी करपली तरी ती का करपली हे मी समजावून सांगत वाढायची. लग्नाला वर्ष होत नाही तोच सात मैलांवरच्या गावी शाळेत नेमणूक झाल्याचा कागद आला. त्या बाजूला एसटी जायची दुपारी आणि शाळा भरायची अकराला. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तू नेऊन घालत असशील तं जाऊ दे तिले. पण पहिल्याच दिवशी काही इकडचं तिकडं झालं, तं दुसऱ्या दिवसापासून ती घरी. मंग मले नोकरी-फिकरी सांगू नोको."

मामंजी एकदा बोलले की विषय संपला. म्हणजे माझी सगळी मास्तरकी आता ह्यांच्या फटफटीवर येऊन बसली होती.

फटफटी जुनी, चिखलीच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. एकट्याने चालवायला शिकून ह्यांना महिना झाला होता, पण मागे माणूस कधी बसवला नव्हता. म्हणून मग आठवडाभर मागच्या सीटवर सरकीचं पोतं बांधून ह्यांनी गावाबाहेर फेऱ्या मारल्या. वळणावर पोतं कलंडतं का, खड्ड्यात उडतं का, सगळं तपासलं. शिकवणाऱ्याने एकच बजावलं होतं, "मागं पाहू नोको. मागं पाह्यलं का गेला नालीत."

सोमवारी सकाळी निघालो. नेमणुकीचा कागद ठेवलेली पिशवी ह्यांनी पुढे हँडलला अडकवली. सासूबाईंनी मला दारातच उभं करून सूचना दिल्या. पदर खोचून बस, चाकात जाईल. त्या धुराच्या नळीले पाय लावू नोको, पोळते. तोंड मिटून बस, धूळ जाते. सगळं सांगितलं, फक्त एक राहिलं. ते सांगायला लागेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

आमच्या गावात पारावर वडीलधारी माणसं बसलेली असत आणि त्यांच्यासमोरून सुनेने गाडीत बसून जायचं नाही, अशी रीत. बैलगाडी पाराच्या अलीकडे थांबायची. आम्ही उतरायचो, चपला हातात घ्यायचो, पदर कपाळाखाली ओढून मान खाली घालून पार ओलांडायचो. गाडी पलीकडे बाभळीखाली उभी असायची. गाडीवानाला सांगावं लागत नसे. बैलांनासुद्धा माहीत होतं.

फटफटीला माहीत नव्हतं.

पाराजवळ म्हशी आडव्या आल्या, फटफटी मंदावली, आणि माझा पाय आपसूक जमिनीला लागला. पारावर मामंजी स्वतः बसलेले, शेजारी आणखी चार पागोटी. मी उतरले, चपला काढल्या, पदर ओढला. म्हशी बाजूला झाल्या. फटफटीचा आवाज पुढे गेला तो मी ऐकला, पण मला वाटलं, बाभळीखाली थांबायला गेले. काय ती माझी चाल! एकेक पाऊल मोजून, जशी काही देवीची पालखी. पारावर एकदम शांतता झाली, ती मला माझ्या मर्यादशीलपणाबद्दलची वाटली. कोणीतरी खोकलं, तेही मी आदरातच धरलं.

बाभळीखाली येऊन मान वर केली तर समोर नुसता धुरळा.

घरी परतायचं तर पुन्हा पारावरून जायचं, आणि परत गेले की नोकरी गेली. कागदही त्या पिशवीत पुढे गेलेला. मागे मामंजी बघत होते, हे पाठीला कळत होतं. मग मी, जणू असंच ठरलं होतं अशा थाटात, चपला घातल्या आणि पुढे चालायला लागले. वळण येईपर्यंत ऐटीत. वळणानंतर पळत.

मैलभर गेल्यावर समोरून कापूस पिंजणारे चाचा सायकलवर आले. पिंजायची मोठी कमान सायकलला आडवी बांधलेली. मला बघून पाय टेकून उभे राहिले.

"बेटी, तुझा माणूस आत्ताच गेला ना फटफटीवरून?"

"हो चाचा."

"कोणाशी बोलून राह्यला होता तो? म्हणत होता, भेव वाटलं तं घट्ट धर. मी पाह्यलं, मागं तं कोणीच नाही. म्हटलं, गेलं बिचाऱ्याचं डोकं."

मला हसू येईना की रडू येईना. त्या वयात मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीएवढी, माझं वजन ह्यांना बसताना कळलं नाही तर उतरताना काय कळणार? आणि नव्या सुनेने रस्त्यात उत्तर द्यायचं नसतं, त्यामुळे माझ्या गप्प बसण्याचंही ह्यांना काही वाटलं नाही.

आणखी मैल-दीड मैल चालले तेव्हा फटफटी परत येताना दिसली. ह्यांचं तोंड राखेसारखं. येताना रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीत वाकून पाहिलं होतं म्हणे.

"कुठं पडली? लागलं का?"

"पडली नाही. उतरली."

"उतरली? काऊन वं?"

"पारावर मामंजी होते."

हे फटफटी लावून रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मग म्हणाले, "पोतं बरं होतं. त्याले बांधता तरी येत होतं."

झालं होतं असं, की हे थेट शाळेत पोचले, हेडमास्तरांच्या हातात कागद ठेवला आणि ऐटीत म्हणाले, "ह्या आमच्या मंडळी." हेडमास्तर ह्यांच्या मागे बघत राहिले आणि म्हणाले, "कागद तं आला, बाई कुठं आहेत?" अकराच्या आत बाई उभ्या राहिल्या नाहीत तर वर तसं कळवावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं होतं.

आता मला बसवायचं, पण ह्यांचा माझ्यावरचा विश्वास उडालेला. मागे तर बघायचं नाही. शेवटी हुकूम सुटला, "तोंडानं बोलत राह्य. आवाज बंद झाला का मी थांबतो." उरलेल्या वाटेत काय बोलणार? मी पाढे म्हणायला घेतले. दोनापासून सुरुवात. ओढ्याच्या उतारावर बाराचा चालू होता. एका खड्ड्यात तेरा सत्ते घशात अडकलं, तर ह्यांनी खरंच फटफटी थांबवली. शाळेच्या आवारात शिरलो तेव्हा मी जोरजोरात एकोणीसचा म्हणत होते आणि पोरं कुंपणाला लटकून ऐकत होती. अकराला पाच मिनिटं कमी होती. हेडमास्तर घंटेपाशी उभे. म्हणाले, "बाई, शाळा भरायची होती, तुम्ही रस्त्यातच काऊन भरवली?"

सही झाली. दिवस गेला. पण संध्याकाळी घर जवळ यायला लागलं तसा मामंजींचा शब्द आठवला. इकडचं तिकडं झालं नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार? मामंजींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. हे येताना म्हणाले, "मी सांगतो बुढ्याले काहीतरी." मी म्हटलं, "काय सांगता? सगळं गाव होतं तिथं."

मामंजी जेवले. हात धुतले. ओसरीवर बसून सुपारी कातरली. मी दाराआड उभी, आणि सासूबाई माझ्या मागे, ऐकायला. सुनेकडे न बघता बोलायची मामंजींची पद्धत, त्यामुळे ते बाहेर अंगणाकडे बघतच म्हणाले,

"सूनबाई, उद्यापासून पारापाशी उतरू नोको. तुह्या फटफटीचा आवाज आला का आमीच तोंड दुसरीकडं करून बसत जाऊ."