भाचीला मांडवात आणणारी टाच

माघ महिन्यात एका सकाळी मी खाटेवरून उजवा पाय खाली ठेवला आणि असा ओरडलो की गोठ्यातल्या दोन्ही म्हशींनी त्या दिवशी दूध चोरलं. टाचेत काटा मोडला असणार म्हणून बायकोनं सुई आणली, चष्मा लावला आणि टाच उजेडात धरली. काटा कुठं दिसेना. काटा नव्हताच मुळी, आत अख्खी बाभळ उगवली होती. गंमत अशी, की पन्नास पावलं चाललो की ती बाभळ झोपी जायची. दुपारी उसाच्या बांधावर मी ठणठणीत. पण चहाला म्हणून बसलो आणि उठलो, की पहिलं पाऊल पुन्हा निखाऱ्यावर.

आमच्या इंदापूर तालुक्यात माणसाचं दुखणं त्याच्या एकट्याचं राहत नाही, ते गावाच्या मालकीचं होतं. आठवड्याभरात माझ्या टाचेवर जेवढे इलाज झाले तेवढे अख्ख्या उसावर झाले असते तर एकरी दोनशे टन पडला असता. रुईची पानं तापवून बांधली. वीट तापवून तिच्यावर पाय ठेवला. एकानं बिब्याचा चटका दिला, त्यानं टाच तशीच राहिली आणि वर एक फोड आला. शेळगावच्या एका आबांनी सांगितलं की टाच दुखते ती वाऱ्यानं, सबब वाऱ्याकडं पाठ करून चालावं. दोन दिवस तेही केलं. संध्याकाळी वारा फिरला तेव्हा मी घराऐवजी कॅनॉलकडं निघालो होतो.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण वैशाखात बहिणीच्या मुलीचं लग्न धरलेलं होतं. बहीण डाळजला दिलेली. मेहुणे लवकर गेले आणि ही पोर शाळेपासून आमच्याकडंच वाढली. तिला सायकल शिकवताना वस्तीपासून फाट्यापर्यंत कॅरियर धरून मीच मागं पळत होतो. आता ती बारामतीत कंपनीत नोकरीला होती आणि लग्न इंदापूरच्या कार्यालयात ठरलं होतं. गुरुजींनी पुकारा केला की मामानं नवरीला खोलीतून मांडवात आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही रीत. तेही अनवाणी. बहिणीला आम्ही दोघे भाऊ, पण मान थोरल्याचा, म्हणजे माझा. धाकट्यानं माझं लंगडणं बघितलं आणि त्याच आठवड्यात स्वतःसाठी फेटा आणून ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, ऐनवेळी फेटा मिळत न्हाय. राहू दे घरात."

भाचीला हे कळलं. ती रविवारी आली, माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "मामा, मला आणायचं तर तुमीच. तुमी चालत न्हाय आला तर मी खोलीतनं निघणार न्हाय." ही पोर बोलते तसंच करते. दहावीत तिनं म्हटलं होतं की मला नव्वदच्या खाली मार्क नकोत, तर बोर्डाला द्यावे लागले. त्यामुळं माझं धाबं दणाणलं. लग्नाला तीन महिने उरले होते आणि मला खाटेवरून न्हाणीपर्यंत जायला भिंत लागत होती.

तिनंच बारामतीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमची वेळ घेतली. मॅडम वयानं भाचीएवढ्याच, पण अंगठ्यात ताकद पैलवानाची. त्यांनी माझ्या टाचेत नेमक्या त्या जागी अंगठा रोवला आणि मला बारामतीतून थेट भिगवणजवळचं धरणाचं पाणी दिसलं, पक्ष्यांसकट. मग म्हणाल्या, "काका, दुखणं हाडाचं नाही. टाचेपासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो. रात्री तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो." मला लगेच पटलं. भिजून वाळलेलं चऱ्हाट एकदम ओढलं की तटतटतं, तसंच हे.

मग त्यांनी माझी चप्पल मागितली. रबरी स्लीपर, किती वर्षांची ते तिलाही आठवत नसेल. टाचेकडं ती इतकी झिजली होती की खाली नाणं आलं तर छापा की काटा हे पायाला कळायचं. मॅडमनी ती दोन बोटांत धरून टेबलाखाली ठेवली आणि मला सोडायला आलेल्या भाचीला सांगितलं की ही गाडीत नेऊ नका, इथंच राहू द्या. नवी चप्पल कशी हवी ते समजावलं: टाचेखाली मऊ पण लेचीपेची नव्हे, मधल्या कमानीला आधार, मागं पट्टा. टाचेखाली ठेवायच्या जेलच्या गाद्या दिल्या, दोन्ही पायांना, कारण एकाच पायाला ठेवली तर कंबर वाकडी चालते. व्यायाम चार. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली फिरवायची. जमिनीवर टॉवेल टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायचा. आणि दुखणं जरा उतरलं की उभं राहून टाचा हळूहळू वर उचलायच्या, हळूहळू खाली. रक्त तपासून डॉक्टरांनाही दाखवायला लावलं. शेवटी म्हणाल्या, "आणि घरात अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. घरातसुद्धा चप्पल."

इथं माझी गाडी अडली. मॅडम, म्हटलं, बाकी सगळं करतो, हे तेवढं तुम्ही येऊन आमच्या घरात सांगा.

आमच्या घराच्या फरशीवर आजवर चप्पल आलेली नाही. जावई असो की साहेब, पायरीखाली काढायची आणि पाय धुऊन आत यायचं. हा बायकोचा कायदा. मी नवी चप्पल घालून उंबऱ्याशी उभा राहिलो आणि मॅडमचं सांगणं सांगितलं. ती पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली की मॅडमच्या घरात घाला. आणि पुढची पोळी लाटायला घेतली. लाटणं असं फिरलं की समजायचं, निकाल लागला.

मीही हट्टाचा. चप्पल आत जात नाही ना, मग मी बाहेर राहतो. खाट अंगणात लिंबाखाली टाकली. जेवणाचं ताट बाहेर, चहा बाहेर, टीव्ही खिडकीतून. सकाळी डोळे उघडले की खाटेवरच पोटरी ताणायची, चप्पल चढवायची आणि मगच पाऊल खाली. तीन दिवसांत पहिल्या पावलाचा निखारा राखेवर आला. मी खूश. पण दूध गोळा करायला येणाऱ्या माणसानं हे बघितलं. खाट बाहेर, ताट बाहेर, नवराही बाहेर. त्यानं कुणाला काही सांगितलं नसेल, फक्त दुधाबरोबर नेलं. सकाळच्या दुधाला बातमी होती की आमचं भांडण झालं. भिगवणला पोचेपर्यंत बायकोनं मला हाकललं होतं. लोणी भापकरला ती पोचली तेव्हा मी जमीन वाटून देऊन हिमालयाकडं निघालो होतो आणि तिथल्या एका तात्यांनी मला बारामती स्टँडवर भगव्यात पाहिलंही होतं.

चौथ्या दिवशी बहीण डाळजहून रडत आली. मागोमाग धाकटा भाऊ समेट घडवायला हजर. बहीण म्हणाली, "दादा, लेकीच्या लग्नाच्या तोंडावर हे काय मांडलंय?" भाऊ वहिनीला समजावू लागला की माणूस वाईट न्हाय, जरा तोंडाळ हाय, पदरात घ्या. बायको आधी लाल झाली, मग पांढरी. मी मधे बोलणार तेवढ्यात तिनं माझ्या पायांतली चप्पल ओढून काढली. मला वाटलं, आता समेट माझ्या पाठीवर होणार. ती चप्पल घेऊन मोरीत गेली, साबण लावून ब्रशनं घासली, उन्हात वाळवली आणि फडताळात माझ्या बीपीच्या गोळ्यांशेजारी नेऊन ठेवली.

"आजपासनं ही चप्पल न्हाय, औषध हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "औषध घरात चालतंय. पण एक पाऊल अंगणात पडलं की ती चप्पल झाली. मग ती तिकडं आन तुमी बी तिकडं."

अशा रीतीनं मी दोन जोड्यांचा मालक झालो, एक घरचा, एक दारचा. देवघरात दोन्हींना बंदी. तिथं तिनं जाड सतरंजीची घडी टाकली, म्हणजे देवापुढंही टाच मऊ.

एकदा औषध म्हटल्यावर मात्र बायकोनं टाच ताब्यात घेतली. मॅडमनी व्यायाम दहा-दहा वेळा सांगितले होते. मी उसाच्या हिशेबानं चाललेलो, डोस दुप्पट तर वाढ दुप्पट, म्हणून शंभर-शंभर केले आणि टाच पुन्हा सुजली. तेव्हापासून ती समोर बसून मोजायची. अकरावा केला तर टॉवेल काढून घ्यायची. बर्फाच्या बाटल्यांनी फ्रिज इतका भरला की भाजीला जागा उरेना.

खाण्याचा तर मी जो पराक्रम केला तो सांगायला नको, पण सांगतो. रक्तात ड जीवनसत्त्व आणि बी-ट्वेल्व्ह कमी निघालं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, हाडांसाठी कॅल्शियमही पोटात जाऊ द्या म्हणाले. घरात कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन होताच, म्हशींसाठी आणलेला. मी विचार केला, पाचशे किलोच्या म्हशीला शंभर मिली, मी ब्याण्णव किलोचा, त्रैराशिक मांडलं, अठरा मिली आलं, ते फारच कमी वाटलं म्हणून वाटीभर घेतलं. चव पुदिन्याची, बरी होती. संध्याकाळपर्यंत मला खाटेची गरज उरली नाही, मी संडासातच मुक्कामाला होतो. थोरली म्हैस पुढं महिनाभर माझ्याकडं वाटेकऱ्यासारखी बघायची. मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, "काका, कॅन आता कुठं आहे?" बायकोनं तो त्याच दिवशी गोठ्यात कुलूपबंद केला होता.

त्यानंतर साधं जेवण. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं गरम पातळ माडगं, शेवग्याच्या शेंगा, जवसाची चटणी, दही, अंडी, आठवड्यातून दोनदा भिगवणची चिलापी, रस्सा कमी, मासा जास्त. चहात साखर बंद. साखर कारखान्याच्या सभासदानं बिनसाखरेचा चहा प्यायचा म्हणजे फितुरीच, मी तो भिंतीकडं तोंड करून प्यायचो. दोन महिन्यांत सहा किलो उतरलो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना आता नुसती जाणीव असायची, ओरड नव्हती. म्हशी पूर्ण दूध देऊ लागल्या.

लग्नाच्या दिवशी धाकटा त्याचा फेटा बांधूनच आला. उगाच आपला, म्हणाला. मांडवात अनवाणी जायचं, त्यावर बायकोनं पांढऱ्या मोज्यांना आतून कप्पा शिवून त्यात जेलच्या गाद्या बसवल्या होत्या. गुरुजींनी मोज्यांकडं बघितलं. बायकोनं गुरुजींकडं बघितलं. गुरुजी पंचांग चाळू लागले.

मुहूर्ताला दहा मिनिटं होती तेव्हाच पुकारा झाला. भाचीनं माझा हात धरला आणि मी निघालो. मला इतकी धास्ती होती की मधेच टाच धरेल, की मी थांबायचं विसरूनच गेलो. वाजंत्री मागं राहिली, करवल्या मागं राहिल्या, फोटोवाला उलटा पळता पळता खुर्च्यांवर पडला. "मामा, हळू. मी शालूत हाय," भाची म्हणाली, तोवर आम्ही स्टेजवर. तिथं अंतरपाट नव्हता, नवरदेवही नव्हता. तो अजून गेटवर मित्रांबरोबर नाचत होता. आमच्या भागात लग्न वेळेवर लागल्याचं कुणी पाहिलेलं नाही आणि मी नवरी वेळेच्या आधी आणली होती.

चालणं जमलं, पण उभं राहायचं बाकीच होतं. नवरदेव येईपर्यंत अर्धा तास. मग मंगलाष्टकं. नवऱ्याच्या पाच आत्यांनी स्वतः रचून आणलेली, एकीच्या कडव्यात तर त्यांची बोअरवेलही आली. तिसऱ्या आत्याच्या कडव्याला टाचेनं डोकं वर काढलं. भावानं मागून प्लॅस्टिकची खुर्ची सरकवली. मी तिच्याकडं पाहिलं नाही. मॅडमचा चौथा व्यायाम सुरू केला: टाचा हळू वर, हळू खाली. लग्नाच्या व्हिडिओत आजही दिसतं, नवरीच्या मागं एक फेटा उगवतो आणि मावळतो, उगवतो आणि मावळतो. पाहुण्यांनी अर्थ काढला की मामाला हुंदके आवरेनात, आणि पुढच्या दोन रांगा रडल्या.

भाचीनं मान न वळवता पुटपुटलं, "मामा, बसा आता. मी आले मांडवात."

"अक्षता पडल्याबिगर न्हाय," मी म्हणालो आणि पुन्हा वर गेलो.

अक्षता पडल्या. टाळ्या, फटाके, सगळं झालं. नवी जोडी मोठ्यांच्या पाया पडायला निघाली आणि आधी माझ्याकडं आली. भाची वाकली. तिनं पायांना हात लावला आणि सगळ्या मांडवासमोर माझ्या उजव्या टाचेत, अगदी मॅडम दाबायच्या त्याच जागी, अंगठा रोवला.

"दुखतंय?"

"न्हाय."

"खरं सांगा."

"जरासं."

"मग सोमवारी मॅडमकडं जायचं. मी सासरी हाय म्हणून टाळायचं न्हाय." आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले असतील, पण ते टाचेमुळं.

नवरदेव नवीन. त्याला वाटलं ही आमच्या घरची रीत. तोही वाकला आणि त्यानं मोज्यावरून टाच दाबली, जरा जोरातच. त्याचं बघून त्याच्या बहिणीनं दाबली, मग करवल्यांनी, मग पाची आत्यांनी ओळीनं. शंभरेक माणसांनी तरी त्या दिवशी माझी टाच दाबली असेल. मी एकालाही अडवलं नाही.