हेमावतीची आठ भंगार मशिनं

अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात हेमावतीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. घराणं तंजावरचं, मराठी तमिळ हेल काढून बोलणार, आणि हट्टी म्हणाल तर विचारूच नका. मी सोलापूरची, तिच्याच टीममधली. आमचं दोघींचं रोज वाजतं, पण तिच्याविरुद्ध दुसरं कुणी बोललं की माझं डोकं फिरतं.

२००९ साली श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्याला आपली सगळी माहिती साठवायची होती. हेमावती म्हणाली, महागडा सर्व्हर कशाला, भंगारात काढलेली कॉम्प्युटरची आठ मशिनं जोडून त्यांवर हडूप नावाचं सॉफ्टवेअर चालवू. आमचे मॅनेजर रत्नाकर सर म्हणाले, "लिनक्स चांगलं की हडूप, ते आधी ठरव." झालं. बाईंचा पारा चढला.

"सर, फरशी चांगली की कपाट, असं कुणी विचारतं का? लिनक्स एकेक मशीन चालवतं. हडूपची फाइल सिस्टिम त्याच्यावर उभी राहून आठही डिस्क एक करते. फाइलचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा तीन मशिनांवर ठेवते. एक मशीन बंद पडलं तर तिथलं लिनक्स गेलं, फाइल जात नाही."

सरांनी तरी बजावलंच, हे काम हातचं गेलं तर टीम मोडणार आणि हेमावती परत टेस्टिंगला. तिथून वर यायला तिनं किती घाम गाळला होता, ते मी पाहिलंय.

मशिनं जोडून झाल्यावर कारखान्याचे साहेब पाहायला आले. हेमावती म्हणाली, "कुठल्याही मशीनची वायर काढा." त्यांनी एक काढली, तरी फाइल उघडली. साहेब खूश झाले आणि दुसऱ्या मशीनकडे हात नेला. ते नेमकं नेमनोड निघालं. कुठला तुकडा कुठे ठेवलाय, हे त्या एकट्याच मशीनला ठाऊक. मागून सर डोळे वटारत होते, काही सांगू नकोस, विषय बदल म्हणून.

"ते नको," हेमावती म्हणाली. "कुठलीही म्हणाले, ती माझी चूक. हे बंद पडलं की सगळंच थांबतं. ह्यातली कमजोर जागा हीच, म्हणून ह्याच्याकडे मी स्वतः रोज बघते."

सरांनी कपाळाला हात लावला.

साहेबांनी हात मागे घेतला. "सगळं चालतं, एवढंच आधीचा प्रत्येक कंपनीवाला सांगून गेला," ते म्हणाले. "कुठे हात लावायचा नाही, ते कुणी सांगितलं नव्हतं. काम तुमचं. मात्र सांभाळायला ह्याच बाई हव्यात."

ही माझी मैत्रीण आहे, हे कुणी विचारलेलं नसताना मी साहेबांना सांगून टाकलं.